बाथरूममधून पुन्हा पुन्हा येणारा गटाराचा वास: कारण कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं

बाथरूम घासून लख्ख केलं, फिनेल ओतलं, जाळीवर डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तरी दोन दिवसांनी गटाराचा वास परत येतो. फ्लॅट असो, बंगला असो की चाळीतली मोरी, तक्रार हीच असते. अशा वेळी आणखी घासून उपयोग होत नाही, कारण बहुतेक घरांत हा वास अस्वच्छतेचा नसतो. पाइपातली हवा घरात येत असते.

जमिनीतल्या जाळीखाली, बेसिनखाली आणि कमोडच्या आत पाइपाला मुद्दाम एक वळण दिलेलं असतं. त्या वळणात कायम थोडं पाणी साठून राहतं. याला प्लंबर पाण्याचं सील म्हणतात, आणि जमिनीतल्या भांड्याला नहाणी ट्रॅप. चांगल्या ट्रॅपमध्ये हे सील साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच खोल असतं. पलीकडच्या पाइपात कुजणाऱ्या मैल्याचे वायू असतात, झुरळं असतात. त्यांच्या आणि तुमच्या मध्ये एवढं दोन इंच पाणीच उभं असतं. म्हणून वास आला की चारच शक्यता उरतात: पाणी तिथे नाही, पाण्याला वळसा घालून हवा येते आहे, पाणी कुणीतरी ढकलतं किंवा ओढतं आहे, किंवा पाण्याच्या अलीकडेच काहीतरी कुजतं आहे. पुढची प्रत्येक तपासणी यांपैकी एका शक्यतेचा निकाल लावते.

सगळ्यात आधी: हा वास स्वयंपाकाच्या गॅसचा नाही ना?

सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात, आणि त्याचा वास कुजलेल्या कोबीसारखा, सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा असतो. स्वयंपाकघरातली मोरी किंवा ओट्याखालचं कपाट वास मारतंय असं वाटलं की आधी ही शंका फेडून घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो खाली जमिनीलगत पसरतो आणि मोरीच्या खोलगट भागात साठतो.

शंका आली तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि कुठलंही बटण चालू करू नका, बंदही करू नका. एक्झॉस्ट फॅनचं बटण तर मुळीच नाही. बटणातली ठिणगी पुरेशी असते. देवापुढचा दिवा पेटता असेल आणि तो वासाच्या जागेपासून लांब असेल तर लगेच विझवा. मग सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा. घरात पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. गळती काडी पेटवून शोधायची नसते.

गॅस नाही याची खात्री झाल्यावरच पुढे चला.

लक्षणं: वास कधी येतो ते आधी नोंदवा

वास किती येतो यापेक्षा कधी येतो हे जास्त उपयोगी पडतं. दोन दिवस एवढंच पाहा.

- गावाहून परत आल्यावर, किंवा पाहुण्यांच्या न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये येतो: ट्रॅपमधलं पाणी वाळलं आहे.
- वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केल्यावर जाळीतून गुडगुड आवाज येतो आणि मागोमाग वास: उभ्या पाइपातल्या हवेची वाट अडली आहे.
- एक्झॉस्ट फॅन लावल्यावर वास वाढतो: पंखा ट्रॅपमधून हवा ओढतो आहे.
- फक्त सिंक वापरल्यावर किंवा ओट्याखालचं दार उघडल्यावर: वेस्ट पाइपाचा जोड.
- फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास: हे ड्रेनेजचं काम नाही. पेलाभर गरम पाणी घ्या, दुसऱ्या खोलीत जाऊन हुंगा. तिथेही वास आला तर दोष गिझरच्या टाकीत आहे. बोअरच्या पाण्यात हे जास्त दिसतं. टाकीत वाढणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू बनवतात. गिझर दुरुस्तीवाल्याकडून टाकी धुऊन आतला अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून बसवलेली धातूची सळई) तपासून घ्या.
- मोठा पाऊस पडला की तळमजल्यावर वास येतो, पाणी उशिरा उतरतं: बाहेरची लाइन किंवा चेंबर भरलं आहे.
- जाळीभोवती बारीक, केसाळ पंखांच्या माशा भिंतीला चिकटून बसतात: जाळीच्या गळ्यात बुळबुळीत थर साचला आहे, त्या त्यातच वाढतात.

एक लक्षण मात्र वेगळं काढून ठेवा. अंघोळ करताना डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. हा ड्रेनेजचा वायू नसून कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो आणि तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो. तो गिझर लगेच बंद करा आणि बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घेईपर्यंत वापरू नका.

पहिली तपासणी: दोन लिटर पाणी

याला खर्च नाही आणि वेळही लागत नाही. घरातल्या प्रत्येक जाळीत सावकाश दीड-दोन लिटर पाणी ओता. ड्राय बाल्कनीतली, वॉशिंग मशीनमागची, टेरेसच्या दारातली, अशी एकही जाळी सोडू नका; लोक विसरतात ती नेमकी हीच. कमोड वापरात नसेल तर एकदा फ्लश करा. खिडकी उघडी ठेवून तासभर थांबा, म्हणजे आधीची कोंडलेली हवा निघून जाईल. नंतर वास गेला असेल तर पाणी वाळलं होतं, एवढंच. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, न वापरलेला ट्रॅप लवकर कोरडा पडतो. आठवड्यातून एकदा मगभर पाणी हा त्यावरचा पूर्ण उपाय आहे. महिनाभर गावी जायचं असेल तर पाणी भरल्यावर वरून दोन-तीन चमचे खाद्यतेल सोडा. तेल पाण्यावर तरंगतं आणि बाष्पीभवन मंदावतं.

पाणी ओतल्यावर वास गेला, पण एक-दोन दिवसांतच परत आला, तर पाणी वाळत नाहीये, कुठेतरी जातंय. बॅटरीचा उजेड पाडून ट्रॅपमधली पातळी बघा, पाच-सहा तास बाथरूम वापरू नका आणि पुन्हा बघा. पातळी उतरली असेल तर आधी केस शोधा. केसांचा किंवा पोछ्याच्या धाग्यांचा झुपका ट्रॅपच्या काठावरून पलीकडे लोंबत असेल तर तो वातीसारखं पाणी शोषून पलीकडे ठिबकवत राहतो. झुपका काढला की पातळी टिकते. केस नसतानाही पातळी उतरत असेल तर ट्रॅपला तडा आहे किंवा पाणी पाइपात ओढलं जातं आहे. त्याबद्दल पुढे येतं.

दुसरी तपासणी: कुठल्या भोकातून येतो ते पक्कं करा

ही पायरी गाळली की माणूस भलतंच काहीतरी दुरुस्त करत बसतो. रात्री सगळ्यांच्या अंघोळी, कपडे उरकल्यावर फरशी कोरडी पुसा. प्रत्येक जाळीवर प्लास्टिकची जाड पिशवी पसरून चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा. बेसिनचं भोक आणि त्याच्या वरच्या कडेजवळचं ओव्हरफ्लोचं छोटं भोक, दोन्ही झाका. कमोडच्या भांड्यावर प्लास्टिक ताणून झाकण लावा. एक्झॉस्ट बंद, दार बंद. घरात दुसरं शौचालय नसेल तर कमोड दुसऱ्या रात्रीसाठी ठेवा.

सकाळी एकेका प्लास्टिकचा एकच कोपरा उचलून हुंगा आणि परत चिकटवा. जिथे भपकारा येतो ती जागा. दोन जागा निघाल्या तरी आश्चर्य नाही. मग दोन्ही दुरुस्त कराव्या लागतील, नाहीतर एक केल्यावर "काही फरक पडला नाही" असं वाटतं.

सगळं झाकूनही सकाळी बाथरूम वास मारत असेल तर वास भोकांतून येतच नाही. खिडकी डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेकडे, उघडते का ते पाहा. जुन्या इमारतींत डक्टमधला एखादा पाइप फुटलेला किंवा त्याचं झाकण निघालेलं असतं आणि वास खिडकीतून आत येतो. छतावर वरच्या बाथरूमची ओल, कमोडच्या बुडाची फट, फॉल्स सीलिंगमध्ये मेलेला उंदीर, हेही त्याच यादीत घ्या.

तिसरी तपासणी: जाळीचा गळा

ट्रॅपच्या पाण्याच्या वर, जाळीपासून खाली तीन-चार इंच, साबण, तेल, केस आणि मृत त्वचेचा राखाडी थर साचतो. तो पाण्याच्या अलीकडे असल्यामुळे सील उत्तम असूनही वास येतो. वरून ओतलेलं फिनेल त्याच्यावरून घसरून जातं. हा थर हाताने खरवडूनच काढावा लागतो.

रबरी हातमोजे घाला. जाळी उचला, स्क्रू असतील तर काढा, गंजले असतील तर जोर न करता थोडं खोबरेल तेल सोडून अर्ध्या तासाने बघा. केस तारेच्या आकड्याने वर ओढा, आत ढकलू नका. जाळीची खालची बाजू आणि गळा बाटली धुण्याच्या ब्रशने साबण लावून घासा. मग अर्धी बादली गरम पाण्यात तीन-चार मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून ओता, वीस मिनिटं थांबा आणि बादलीभर साधं पाणी जोरात ओता. पाणी उकळतं नको. पीव्हीसी पाइप आणि त्याचे चिकटवलेले जोड ६० अंशांच्या पुढे नरम पडायला लागतात. पास्त्याचं किंवा भाताचं उकळतं पाणी थेट सिंकमध्ये ओतायची सवय याच कारणाने वाईट.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय खूप सांगितला जातो. फेस छान दिसतो, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि शेवटी खारट पाणी उरतं. त्यापेक्षा ब्रश आणि धुण्याचा सोडा खूप जास्त काम करतात.

बेसिनचं ओव्हरफ्लोचं भोक नेहमी विसरलं जातं. जुना टूथब्रश किंवा बारीक बाटली-ब्रश आत घालून घासा, साबणाचं पाणी ओता. वॉशबेसिनला वास येतो पण ट्रॅप ठीक आहे, अशा तक्रारींत बरेचदा हेच निघतं.

माशा खरंच तिथून येतात का हे पाहायला चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून जाळीवर रात्रभर, कडेला थोडी हवा राहील अशी लावा. सकाळी माशा चिकटलेल्या दिसल्या तर गळा अजून साफ झालेला नाही.

इथे थांबून रसायनांबद्दल वाचा

घरातले सगळ्यात गंभीर अपघात याच टप्प्यावर होतात, म्हणून हे सविस्तर.

बाथरूमचं अॅसिड आणि बहुतेक संडास साफ करायची द्रावणं म्हणजे हायड्रोक्लोरिक अॅसिड. ते ब्लीचिंग पावडर, टीसीएल किंवा कपड्यांच्या ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या, बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो. एकाच वेळी ओतायला हवं असंही नाही. काल ट्रॅपमध्ये राहिलेलं ब्लीच आणि आज ओतलेलं अॅसिड एवढंही पुरतं.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक असतो. बरेच महिने तुंबलेल्या काळ्या गाळात सल्फाइड असतात. त्यावर अॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. हा तोच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. "वास गेला" असं वाटतं तेव्हाच तो सर्वांत घातक असतो. शिवाय अॅसिड सिमेंटचे जोड खातं, जाळी काळी पाडतं आणि शहाबादी, कोटा, मार्बल फरशी कायमची खडबडीत करतं. त्या खडबडीत फरशीत पुन्हा घाण धरते. म्हणून वासासाठी अॅसिड वापरूच नका.

तुंबलेली लाइन मोकळी करायचे पांढरे दाणे म्हणजे कॉस्टिक सोडा. पाण्यात पडले की ते तापतात. पाणी अजिबात उतरत नसेल तेव्हा ते वापरू नका: दाणे तिथेच साठून राहतात, आणि नंतर रबरी पंप मारला की ते दाहक पाणी डोळ्यांत उडतं. तुम्ही काही ओतलं असेल तर प्लंबरने हात घालण्याआधी त्याला तसं स्पष्ट सांगा. डोळ्यांत उडालं तर वाहत्या पाण्याने सलग किमान १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. घसा-छाती जळायला लागली तर सगळं तसंच टाकून बाहेर मोकळ्या हवेत या. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा.

डांबराच्या गोळ्यांनी वास फक्त झाकला जातो. रांगणारं मूल घरात असेल तर जाळीवरची गोळी थेट तोंडात जाते आणि ती विषारी आहे. त्या काढून टाका.

चौथी तपासणी: ट्रॅपच्या आतला कप

अलीकडच्या चौकोनी स्टीलच्या जाळ्यांखाली काढता येणारा एक कप किंवा उलटी वाटी असते. झुरळं येऊ नयेत म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जाळ्यांचं काम या वाटीवरच चालतं. पाणी हळू उतरतं म्हणून कामवाल्या ताई किंवा घरचंच कुणी ती काढून बाजूला ठेवतं, आणि वासाला मोकळी वाट मिळते. वाटी जागेवर आहे का, तिच्या कडेची रबरी रिंग फाटली नाही ना, ते पाहा.

जुन्या ट्रॅपमध्ये पाणी धरणारा पडदा भांड्यातच घडवलेला असतो. तुंबलेलं मोकळं करताना कुणीतरी सळईने तो पडदा फोडलेला आढळतो. पाणी अतिशय झपाट्याने उतरतं पण वास कायम, असं असेल तर बॅटरी मारून पाहा: पाणी साठलेलं न दिसता सरळ पाइप दिसत असेल तर ट्रॅप उरलेलाच नाही. नूतनीकरणात फरशीवर फरशी बसवताना ट्रॅपशिवाय नुसता पाइप आणि वर जाळी ठेवून दिल्याचंही दिसतं. अशा ठिकाणी वरून बसवायचा वाटीचा ट्रॅप मिळतो. भोकाचा आतला व्यास मोजून न्या. हा तात्पुरता आधार आहे, कारण त्याचं सील खूप उथळ असतं.

जाळीची चौकट आणि फरशी यांतली फटही बघा. फरशीखालच्या पोकळीतली हवा तिथून वर येते. फट कोरडी करून व्हाइट सिमेंटने किंवा वॉटरप्रूफ ग्राउटने भरा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका.

पाचवी तपासणी: सिंक आणि बेसिनचा वेस्ट पाइप

स्वयंपाकघरातला वास बहुतेक वेळा इथे सापडतो. सिंकखालचा घड्या पडलेला प्लास्टिकचा पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या जाड पाइपात नुसता खुपसलेला असतो आणि भोवती बोटभर फट असते. त्या फटीतून झुरळं येतात, वास येतो, कधी उंदराची पिल्लंही. लोक तिथे कापड कोंबतात. ते ओलं राहून स्वतःच कुजतं.

योग्य वस्तू म्हणजे रबरी कॉलर. बेसिनचा वेस्ट पाइप साधारण ३२ मिलिमीटरचा आणि सिंकचा ४० मिलिमीटरचा असतो, पण अंदाज न करता पाइपाचा तुकडा आणि भोकाचा आतला व्यास दुकानात न्या. कॉलर आतून-बाहेरून घट्ट बसली पाहिजे. एम-सीलने पाइप कायमचा चिकटवू नका. सहा महिन्यांनी साफ करायला काढायचा असतो तेव्हा तो तोडावा लागतो.

बेसिनखाली बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवून त्याचं तळाचं झाकण हाताने फिरवून उघडा. आतला गाळ काढा, रबरी वॉशर धुऊन त्याच जागी नीट बसवा, झाकण हातानेच आवळा. पान्याने आवळलं की प्लास्टिकचे आटे जातात. लावल्यावर बेसिन भरून एकदम सोडा आणि जोडांवर कोरडा कागद फिरवा. एक थेंबही कागदावर लगेच दिसतो.

वळण किंवा बाटली काहीच नसेल, पाइप सरळ भिंतीत जात असेल, तर बाटली ट्रॅप बसवून घ्या. तोपर्यंत घडीच्या पाइपाला इंग्रजी यू अक्षरासारखा झोल देऊन तारेने बांधून ठेवता येतं. झोलात पाणी साठतं. पण त्या घड्यांत तूप-तेल फार लवकर धरतं.

वॉशिंग मशीनचा पाइप जाळी उघडी ठेवून आत खोल घातलेला असतो, तिथेही तेच: कॉलर किंवा मशीनच्या पाइपासाठी भोक असलेली जाळी बसवा, आणि पाइपाचं टोक ट्रॅपच्या पाण्यात बुडू देऊ नका.

सहावी तपासणी: कमोड

कमोडवर बसून हलकं डावी-उजवीकडे झुकून बघा. तो डुगडुगत असेल तर खालचा जोड उघडलाय. बुडाभोवतीची जागा कोरडी करून तिथे टिश्यू पेपर लावा, भांड्यात खाण्याचा गडद रंग टाका, पाच-सहा वेळा फ्लश करा. कागदाला रंग लागला तर मैल्याचं पाणी फरशीखाली जातंय. भोवतीने पांढरं सिमेंट फासल्याने जोड दुरुस्त होत नाही, फक्त गळती दिसेनाशी होते. इथे थांबा, कमोड उचलून पुन्हा बसवणं प्लंबरचं काम.

सातवी तपासणी: पंखा आणि हवेची वाट

बाथरूमचं दार-खिडकी बंद ठेवून एक्झॉस्ट लावला की बाहेर फेकलेल्या हवेइतकी हवा कुठून तरी आत यावीच लागते. दाराखाली फट नसेल तर ती उथळ ट्रॅपमधून येते. दार दोन बोटं उघडं ठेवून पंखा लावून पाहा. वास आला नाही तर उपाय सुतारकामाचा आहे: दाराला खाली जाळी किंवा साधारण अर्ध्या इंचाची फट.

गुडगुड आवाजाचा दोष मात्र इमारतीच्या उभ्या पाइपात असतो. त्या पाइपाचं टोक गच्चीच्या वर उघडं असतं, हवा आत-बाहेर जावी म्हणून. तिथे पक्ष्याने घरटं केलं, पानं साचली किंवा वॉटरप्रूफिंग करताना कुणी तोंडच बंद केलं, की वरून पडणारं पाणी आपल्यामागे हवा ओढतं आणि वरच्या मजल्यांच्या ट्रॅपमधलं पाणी शोषून नेतं. खालच्या मजल्यांवर उलट होतं: हवा दाबली जाऊन ट्रॅपमधून बुडबुडे वर येतात. शेजाऱ्यांना विचारा. एकाच उभ्या रांगेतल्या दोन-तीन घरांत तेच चालू असेल तर तुमच्या बाथरूममध्ये काहीही फोडू नका, सोसायटीकडे लेखी द्या. गच्चीच्या कठड्यावर चढून पाइप स्वतः साफ करायला जाऊ नका.

आठवी तपासणी: बाहेरचं चेंबर

बंगला किंवा स्वतंत्र घर असेल तरच. झाकण दोघांनी मिळून पहारीने सरकवा, बाजूला उभे राहा, लगेच वाकून पाहू नका, विडी-काडी लांब ठेवा, मुलांना घरात पाठवा. चेंबर काठोकाठ भरलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, रस्त्याकडे आहे. ते रिकामं असेल आणि घरात पाणी तुंबत असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मधल्या तुकड्यात आहे. प्लंबरला फोनवर एवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा तास वाचतो. भिंतीलगतच्या गली ट्रॅपमधला (घराबाहेर सांडपाणी जिथे उतरतं त्या जाळीखालच्या ट्रॅपमधला) पाला-गाळ लांब दांड्याच्या वस्तूने मे महिन्याअखेरीस काढून ठेवा.

आता हात थांबवा आणि माणूस बोलवा

खालच्या मजल्याच्या छतावर ओल दिसली असेल, तर प्रश्न बहुधा सन्कन स्लॅबचा आहे. फ्लॅटमध्ये बाथरूमची फरशी खाली दाबून घेतलेल्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा भराव घालून केलेली असते आणि ट्रॅप त्या भरावात पुरलेला असतो. त्याचा जोड सुटला की मैलमिश्रित पाणी भरावात साठतं आणि वरून कितीही ग्राउट भरलं तरी वास येतच राहतो. फरशी फोडून ट्रॅप बदलणं आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा करणं, दोन्ही एकत्र करून घ्यावं लागतं. फक्त एकच करणाऱ्याला काम देऊ नका.

एकाच वेळी दोन-तीन जाळ्यांतून पाणी वर येत असेल, एका ठिकाणी पाणी सोडलं की दुसरीकडे वर येत असेल, तर मुख्य लाइन तुंबली आहे. नळ बंद करा, घरात पाणी वापरणं थांबवा, पाइपात स्प्रिंगचं मशीन घालून लाइन मोकळी करणारा माणूस बोलवा. तुंबलेल्या पाण्यात विजेची तार, मशीनचा प्लग भिजला असेल तर त्या पाण्यात पाय ठेवण्याआधी मेन स्विच बंद करा. मेन स्विचपर्यंत जायला पाण्यातूनच जावं लागत असेल तर जाऊ नका, वीज कंपनीच्या माणसाला बोलवा.

सेप्टिक टँक भरली असेल तर नगरपालिकेची किंवा खासगी सक्शन गाडी हाच मार्ग आहे. साधारण दोन-तीन वर्षांनी ती उपसून घ्यावी लागते. टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये कुणालाही उतरू देऊ नका, पडलेली वस्तू काढायला नाही, पैसे जास्त देऊनही नाही. आतल्या वायूने माणूस काही सेकंदांत कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. कुणी आत पडलंच तर उतरू नका, अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा.

काम झाल्यावर, पैसे देण्याआधी

नवीन ट्रॅप बसवला असेल तर त्याच्या सीलची खोली फरशी झाकण्याआधी पट्टी बुडवून मोजा. ५० मिलिमीटर हवी. बेसिनचं पाणी त्याच ट्रॅपमध्ये सोडायला सांगा, म्हणजे रोज तोंड धुतलं तरी सील आपोआप भरलेलं राहतं. भराव आणि फरशी टाकण्याआधी बाथरूमची तळजागा पाण्याने भरून ट्रॅपचं तोंड बंद करा, पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि २४ तास ठेवा. खालच्या शेजाऱ्यांना छताकडे लक्ष ठेवायला सांगा. फरशी बसल्यावर प्लास्टिकची रात्रभराची चाचणी पुन्हा एकदा, त्याच क्रमाने.